उत्प्रेरक खरोखर अलिप्त असतो काय?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे सर्वपरिचित आहे. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे निघणारे मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज विजेरीच्या सेलसाठी उपयोगी पडते. हा काळा पदार्थ शाळेच्या प्रयोगशाळेतही असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणात त्याची चिमूटभर पूड टाकली की बुडबुडे येऊ लागतात आणि परीक्षानळीच्या तोंडाशी धरलेली धुमसती उदबत्ती पेट घेते; कारण निघणारा वायू प्राणवायू असतो. पूड गाळून, वाळवून तोलली तर वजन तेवढेच भरते. यावरून विद्यार्थी सर्रास लिहितात, 'उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही.' हे विधान चुकीचे आहे व ते वर्गातच दुरुस्त झाले पाहिजे. उत्प्रेरक भाग घेतो. अखेरीस मात्र मूळ रूपात परत मिळतो.

कच्च्या बटाट्याची फोड त्याच द्रावणात टाकल्यासही फेस येतो. तेथे कॅटलेज नावाचे विकर काम करते. विकराच्या रेणूत एक खोबण असते. तीत ठराविक रेणूच नीट बसतो, योग्य रीतीने धरला जातो आणि अभिक्रियेची वाट सोपी होते.

अशी खोबण माणसाला घडविता येईल काय? अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील रेमंड व बर्गमन यांच्या गटांनी २०१० मध्ये याचे लक्षणीय उत्तर दिले. कोपऱ्यांवर गॅलियमचे ४ अणू आणि कडांवर ६ सेंद्रिय घटक असा ऋणभारित, चतुष्फलकी पिंजरा द्रावणात आपोआप जुळून येतो. त्यात त्यांनी नाझारोव्ह या सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी अभिक्रिया घडविली. या अभिक्रियेत ५ कार्बन अणूंची साखळी वाकून तिचे वलय होते. पिंजऱ्यातील अपुऱ्या जागेत रेणू आधीच वळलेल्या स्थितीत राहतो; मधल्या टप्प्यात त्याच्यावर येणारा धनभार पिंजऱ्याच्या ऋणभारामुळे सावरला जातो. अभिक्रियेचा वेग सुमारे २१ लाख पटींपर्यंत वाढला. मानवनिर्मित पिंजऱ्याने विकराची बरोबरी करावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

अडचण आली ती वेगळीच. तयार झालेले वलय पिंजऱ्यातच ठाण मांडून बसे व नव्या रेणूला शिरकाव मिळेना. तेव्हा द्रावणात मालेइमाइड हे संयुग मिसळण्यात आले. वलयाचा त्याच्याशी संयोग होऊन जो मोठा रेणू बनला, तो पिंजऱ्यात मावेना. जागा मोकळी झाली आणि काम पुढे सुरू राहिले.