खोड वाचा, हवा कळेल

महाबळेश्वरला जाताय? पॉइंट बघायला धावण्याआधी जांभळाच्या एखाद्या खोडापाशी थांबा. खोडावर राखाडी-हिरवट पापुद्रे दिसतील. गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल याच गोतावळ्यातलं.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शरीर बुरशीचं, अन्न शैवाल तयार करतं. याला मुळं नाहीत, पानांवर असतो तसा मेणचट थरही नाही. पाणी आणि क्षार ते थेट पावसातून, धुक्यातून, हवेतून शोषतं आणि त्यांच्यासोबत सल्फर डायऑक्साइड, धातूंचे कणही आत घेतं. झाड निदान जुनी पानं गाळतं. दगडफुलाला तीही सोय नाही. म्हणूनच 1866 मध्ये विल्यम नायलँडर या अभ्यासकाला पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं हवेची शुद्धता मोजायला उपयोगी वाटली. पुढे 1970 मध्ये हॉक्सवर्थ आणि रोज यांनी इंग्लंड-वेल्ससाठी झाडांवरच्या दगडफुलांवरून सल्फर डायऑक्साइडचा अंदाज देणारी शून्य ते दहा अशी मोजपट्टी बनवली. ती सह्याद्रीला लावू नका, इथल्या जाती वेगळ्या.

आपल्याला आधी तीन रूपं ओळखता आली तरी पुरे. सालीला रंग फासल्यासारखे चिकटलेले डाग. कडा सुटलेले, पानासारखे पापुद्रे. आणि दाढीसारखे लोंबणारे किंवा झुडपासारखे झुपके. साधारणपणे डाग जास्त सोसतात, झुपके सगळ्यांत आधी नाहीसे होतात. ओळख पक्की करायची तर कोरड्या पापुद्र्यावर पाण्याचे दोन थेंब सोडा. बघता बघता राखाडी रंग हिरवा होतो, कारण भिजलेल्या बुरशीतून आतलं शैवाल दिसू लागतं. घाटात काही खोडांवर भगवा, मखमली थर असतो. तो नुसत्या शैवालाचा, मोजू नका.

आता खरी मेख. पुण्यातला आंबा आणि महाबळेश्वरचं जांभूळ यांची तुलना करून ‘बघा, शहराची हवा किती वाईट’ म्हणणं चूक आहे. उंची, पाऊस, धुकं, साल, सगळंच वेगळं. तुलना महाबळेश्वरातच करा: वाहनतळाजवळचं जांभूळ आणि पायवाटेने आत गेल्यावर भेटणारं, तेवढ्याच जाडीचं, तेवढ्याच उन्हातलं जांभूळ. दोन्हीकडे चार-पाच झाडं तरी घ्या. पेरू-निलगिरीसारखी साल सोडणारी झाडं नकोत.

मोजायला सुतळीची शिडी पुरते: दहा सेंटिमीटरचे पाच चौकोन, एकाखाली एक. जमिनीपासून एक मीटरवर तिचं खालचं टोक धरा आणि खोडाच्या चारही बाजूंना लावा. कोणतं रूप किती चौकोनांत आहे ते वहीत मांडा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात असलं तर मजा वाढते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. भर पावसात शेवाळ आणि जळवा दोन्ही त्रास देतात.

एक कळकळीची विनंती: नमुना म्हणून खरवडून आणू नका. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारा जीव आहे तो, आणि अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नसतं. शेजारी पट्टी धरून फोटो काढा, झाडाची जागा टिपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तेच खोड, तीच बाजू पुन्हा मोजा. वाहनतळाजवळचे झुपके घटले आणि आतले टिकले, तर नोंदी आणि फोटो घेऊन एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना जरूर भेटा.