आलेखकागदावरचा व्हिडिओ खेळ

व्हिडिओ खेळ तयार करायला शिकायचे तर सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ज्यांचा हात चित्रकलेत चांगला असतो ते म्हणतात, आम्हांला गणित जमत नाही. ज्यांना गणित आवडते ते म्हणतात, आम्हांला साधा माणूससुद्धा नीट काढता येत नाही. दोघांचीही समजूत अशी, की खेळातील चित्रे एका खोलीत तयार होतात, संगणकाची आज्ञावली दुसऱ्या खोलीत लिहिली जाते आणि शेवटी कोणीतरी ती दोन्ही एकमेकांना चिकटवून टाकतो. ही समजूत कितपत खरी आहे हे आपण एका जुन्या खेळाच्या आधारे पाहू. त्यासाठी संगणक लागणार नाही. आलेखकागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा.

१९७८ साली जपानमधील तायतो या कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. पडद्याच्या तळाशी एक तोफ असते. खेळणारा ती डावीकडे किंवा उजवीकडे सरकवतो. वरच्या बाजूला ११-११ च्या पाच रांगांत ५५ परग्रहवासी उभे असतात. ही सगळी फौज एका बाजूला सरकत जाते, कडेला पोचली की एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेने निघते. ती तळाला पोचण्यापूर्वी एकेक परग्रहवासी टिपायचा, एवढाच खेळ. तो तोमोहिरो निशिकादो या अभियंत्याने रचला. नियम त्यांचे, चित्रे त्यांची, आज्ञावलीही त्यांचीच. इतकेच नव्हे, तर खेळ चालवणारे इलेक्ट्रॉनिक मंडलही त्यांनीच जुळवले. आज्ञावली आणि सारी चित्रे मिळून ८ किलोबाइट, म्हणजे ८,१९२ बाइट एवढ्या जागेत बसवलेली होती. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र अडीच मेगाबाइटचे असेल, तर तेवढ्या जागेत असे ३०० खेळ मावतील!

या खेळाच्या पडद्यावर २५६ गुणिले २२४, म्हणजे ५७,३४४ ठिपके होते. प्रत्येक ठिपका एकतर पेटलेला किंवा विझलेला. तिसरी अवस्था नाही. म्हणून एका ठिपक्यासाठी द्विमान पद्धतीतील एकच अंक, ० किंवा १, पुरतो. असे आठ अंक मिळून एक बाइट होतो. ५७,३४४ ला ८ ने भागा. उत्तर ७,१६८ येते. पडद्यावरचे संपूर्ण दृश्य तेवढ्या बाइटांत राहत असे. रंगांना त्यात जागाच नव्हती, म्हणून पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून काम भागवीत.

आता आलेखकागदावर ८ घरे रुंद व ८ घरे उंच असा चौकोन आखा. वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे स्तंभांचे मोल लिहा. पुढील आठ संख्या वरपासून खालपर्यंतच्या आठ ओळींच्या आहेत: २४, ६०, १२६, २१९, २५५, ३६, ९०, १६५. पहिली संख्या २४. कोणकोणत्या स्तंभांची मोले मिळवून २४ होतात? १६ आणि ८. तेव्हा पहिल्या ओळीतील ती दोन घरे काळी करा. दुसरी संख्या ६०, म्हणजे ३२, १६, ८ आणि ४. याप्रमाणे आठही ओळी भरा. चौथ्या ओळीत दोन घरे रिकामी राहतील, ते डोळे. माकूळ नावाच्या समुद्री प्राण्यासारखा एक छोटा जीव तुमच्याकडे रोखून पाहत असलेला दिसेल. निशिकादोंनी आपले आक्रमक माकूळ, खेकडा आणि ऑक्टोपस यांच्या आकारावर बेतले होते. आपला प्राणी त्यांच्याच धाटणीचा आहे.

हे चित्र आहे की आठ संख्यांची यादी? दोन्ही. कॅनव्हासवर फुलीच्या टाक्यांचे भरतकाम करणाऱ्या घरातील मोठ्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरजच पडणार नाही, कारण घरे मोजून चित्र काढणे हाच त्यांचा नेहमीचा उद्योग. आता शेवटच्या तीन संख्या बदलून ३६, ९०, १६५ च्या जागी ९०, १२९, ६६ घ्या आणि दुसरे चित्र काढा. फक्त पाय हललेले दिसतील. ही दोन चित्रे आळीपाळीने दाखवली की प्राणी चालू लागतो. स्पेस इन्व्हेडर्समध्ये ५५ आक्रमकांची ५५ चित्रे साठवलेली नव्हती. आक्रमकांचे प्रकार तीन आणि प्रत्येकाच्या मुद्रा दोन, अशी सहाच चित्रे. कोणता आक्रमक जिवंत आणि कोणता टिपला गेला याची नोंद वेगळी ठेवलेली असे.

थोडक्या घरांत चित्र काढताना काय ठेवायचे यापेक्षा काय गाळायचे, हा प्रश्न अवघड असतो. १९८१ साली निन्टेन्डो कंपनीने ‘डाँकी काँग’ हा खेळ काढला. तो रचणारे शिगेरू मियामोतो हे आज्ञावली लिहिणारे नव्हते. त्यांचे शिक्षण औद्योगिक रचनाकलेचे. त्यांच्या नायकाला जेमतेम १६ गुणिले १६ घरे मिळाली. एवढ्यात तोंड नीट दिसेना, म्हणून त्यांनी मोठे नाक व मिशी काढली. केस काढणे आणि उडी मारताना ते हलवणे टाळण्यासाठी डोक्यावर टोपी घातली. हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून अंगात कामगारांचा बंदांचा पोशाख चढवला. तोच नायक पुढे मारिओ या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. चित्रकलेच्या तासाला हे उदाहरण शिक्षकांनी जरूर सांगावे. मिशी ही येथे शोभा नसून हिशेब आहे.

आता खेळाच्या हालचालीकडे वळू. कोणत्याही व्हिडिओ खेळाची आज्ञावली मुळात एक फेरा असते: खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते पाहा, त्यानुसार सर्वांच्या नव्या जागा काढा, नवे चित्र पडद्यावर मांडा, पुन्हा पहिल्या कामाकडे जा. स्पेस इन्व्हेडर्सच्या पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटत असे. परंतु त्या काळचा इंटेल ८०८० हा प्रक्रियक इतका मंद, की एका खेपेस ५५ आक्रमक पुसून नव्या जागी काढणे त्याला झेपत नव्हते. म्हणून एका खेपेस एकच आक्रमक सरकवला जाई. ५५ आक्रमक असताना सगळ्या फौजेचे एक पाऊल पडायला ५५ खेपा, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागे. दहाच उरले की तेच काम एक षष्ठांश सेकंदात होई. शेवटचा एकटा उरला की तो प्रत्येक खेपेस, सेकंदाला ६० वेळा पळू लागे!

म्हणजे शत्रू जसजसे कमी होत, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढे आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागे. ही वाढ यंत्राच्या दुबळेपणातून आपोआप आली होती. निशिकादोंनी ती दोष म्हणून काढून टाकली नाही. खेळ त्यामुळे रंगतो हे ओळखून ती तशीच राहू दिली. माझ्या मते या खेळातील सर्वांत मोठी कला त्या निर्णयात आहे.

याचा अनुभव वर्गात घेता येतो. ११ विद्यार्थी एका रांगेत शेजारी शेजारी उभे करा. शिक्षकांनी सेकंदाला एक अशा टाळ्या द्याव्यात. पहिल्या टाळीला पहिल्याने एक पाऊल उजवीकडे टाकायचे, दुसरीला दुसऱ्याने, असे शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्याने. सगळ्या रांगेचे एक पाऊल पडायला ११ सेकंद लागतील. आता एकेकाला खाली बसवा. तिघेच उरले की रांग ३ सेकंदांत एक पाऊल टाकेल. टाळ्यांचा वेग मात्र बदललेला नसेल.

यापुढची पायरी उडीची. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वर फेकलेल्या चेंडूची समीकरणे तुम्ही शिकला असाल. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकीतज्ज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी टेनिसचा खेळ केला. त्यात ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर असाच चेंडू उडत असे. आपण तेच काम बेरीज-वजाबाकीने करू. उंची ० आणि वेग ६ घ्या. प्रत्येक फेऱ्यात उंचीत वेग मिळवायचा आणि मग वेगातून १ वजा करायचा. हा १ म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ. उंची अशी येते: ६, ११, १५, १८, २०, २१, २१, २०, १८, १५, ११, ६, ०. तेराव्या फेऱ्यास नायक जमिनीवर परत आला. प्रत्येक फेऱ्यात तो २ घरे पुढे सरकतो असे धरून हे बिंदू आलेखकागदावर मांडा. ओळखीचा अन्वस्त मिळेल. उडीची लांबी १३ गुणिले २, म्हणजे २६ घरे भरेल.

चित्र आणि गणित यांना वेगळे करता येत नाही ते येथे स्पष्ट होते. समजा, चित्रकाराला भिंत २४ घरे उंच शोभून दिसते असे वाटले आणि त्याने ती तशी काढली. उडी २१ च्या वर जातच नाही. खेळणारा शंभर वेळा प्रयत्न करील आणि शंभर वेळा आपटेल. तो स्वतःला दोष देईल, पण चूक त्याची नाही. तसेच खड्ड्याचे. नायकाची रुंदी सोडून दिली, तर २५ घरांचा खड्डा ओलांडता येतो खरा, परंतु अगदी काठावरून उडी घेतली तरच. खेळाच्या आरंभी तो ठेवणे म्हणजे पहिलीच्या मुलाला शालान्त परीक्षेची प्रश्नपत्रिका देण्यासारखे आहे. तेथे १५ घरांचा द्यावा. खेळ कठीण असायला हरकत नाही. तो अशक्य किंवा लबाड असता कामा नये.

लबाडी कधी कधी नकळत शिरते. चेंडू प्रत्येक फेऱ्यात १० घरे पुढे जातो आणि फळी ५१ ते ५४ या चार घरांत आहे असे समजा. चेंडू एका फेऱ्यात ४८ व्या घरात होता, पुढच्यात ५८ व्या. आज्ञावलीने दोन्ही वेळा पाहिले, चेंडू फळीत नव्हता. म्हणजे चेंडू फळीच्या आरपार गेला! यावर उपाय म्हणजे मोठी झेप ४ घरांच्या किंवा त्याहून लहान टप्प्यांत तोडून प्रत्येक टप्प्याला तपासणी करणे.

इतके कागदावर जमले की संगणकाकडे जावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ साली खुले केलेले ‘स्क्रॅच’ विनामूल्य आहे. त्यात आज्ञांचे ठोकळे जोडून आज्ञावली तयार होते, आणि चित्र काढण्याची सोयही त्यातच आहे. त्यानंतर पायथन ही भाषा किंवा ‘गोडो’ हे मुक्त साधन घ्यावे. चित्रांसाठी ‘क्रिता’ विनामूल्य मिळते. पहिलाच खेळ शंभर पातळ्यांचा करण्याचा मोह मात्र टाळा. एक नायक, एक खड्डा, एक भिंत पुरे. तो पूर्ण करून मित्राच्या हाती द्या आणि तो खेळत असताना एक शब्दही न बोलता शेजारी बसून पाहा. तो कोठे अडतो ते टिपून ठेवा.

तोपर्यंत एक कोडे. नायक जमिनीवर लवकर परतावा म्हणून ओढ १ ऐवजी २ केली, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात वेगातून २ वजा केले. सुरुवातीचा वेग ६ च ठेवला तर उडी किती उंच जाईल? ती पुन्हा नेमकी २१ घरे उंच व्हावी म्हणून सुरुवातीचा वेग किती घ्यावा? पूर्ण संख्याच वापरायच्या आहेत. ७, ८, ९ घेऊन पाहा. नेमके २१ साधत नाही असे आढळले, तर ते का, आणि अशा वेळी तुम्ही काय बदलाल, उडी की भिंत?