लॅपटॉप घेण्याआधी राउटर बघ

नाशिक

चि. ओंकार,


क्लाऊड गेमिंगसाठीच बनवलेला स्वस्त लॅपटॉप घेऊ का, असं तू विचारलंस. माझं मत, घेऊ नकोस. क्लाऊड गेमिंग वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्यासाठी वेगळा लॅपटॉप लागतच नाही म्हणून. खेळ चालतो दूरच्या सर्व्हरवर. आलेलं चित्र उलगडून दाखवणं आणि बटण दाबल्याची खबर परत धाडणं, एवढंच आपल्या यंत्राचं काम, आणि ते अलीकडचा कुठलाही साधा लॅपटॉप करतो. ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलने एसर, आसुस आणि लेनोवोसोबत असे लॅपटॉप, म्हणजे क्रोमबुकं, आणले. वेगवान पडदा, चांगला कीबोर्ड, नवं वायफाय, सगळं होतं. पण एसरची किंमत 649 डॉलर, म्हणजे स्वस्ताईही फारशी नव्हती. आणि त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी गूगलने स्वतःची स्टेडिया ही क्लाऊड गेमिंग सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. 18 जानेवारी 2023 ला ती बंद झाली. खेळांचे पैसे गूगलने परत केले, हे मान्य करायलाच हवं. पण सेवा कंपनीच्या मर्जीवर चालते आणि लॅपटॉप आपल्याला चार वर्षं वापरायचा असतो.

खरी अडचण यंत्रापेक्षा लाइनीची आहे. सर्व्हर पुण्यात असला तरी नाशिकपासूनचे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर फायबरमधून जाऊन यायला प्रकाशाला दोन-तीन मिलिसेकंदच लागतात. अडतं ते तुझ्या खोलीवर: एका राउटरवर सहा मुलं, मध्ये दोन भिंती, वीज गेली की राउटरही गप्प. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागेल म्हणशील, तर हिशेब कर. जीफोर्स नाऊ या क्लाऊड गेमिंग सेवेला 1080पी चित्रासाठी 25 एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला सुमारे 11 जीबी. रोजचा 2 जीबी डेटा अकरा मिनिटांतच संपेल.

कंपनी सर्व्हर बदलत राहते, त्यामुळे आपला लॅपटॉप जुना होत नाही, हा तुझा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. पण तो कुठल्याही लॅपटॉपला लागू पडतो, मग ‘गेमिंग’ या नावाचे जादा पैसे कशाला? ग्राफिक्स कार्डवाला घ्यायला बजेट नाही, हेही खरं. मीही तो घे म्हणत नाही. तू मेकॅनिकलला आहेस. तुला लागणारं सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, क्रोमबुकवर नाही. तेव्हा त्याच पैशांत विंडोजचा, 16 जीबी रॅमचा, एसएसडी असलेला आणि लॅन केबलची जागा असलेला लॅपटॉप बघ. ती जागा आता बऱ्याच पातळ मॉडेलांत नसते, म्हणून एम. जी. रोडच्या दुकानात मुद्दाम विचारून घे.

त्याआधी खोलीमालकांना एवढंच विचार: राउटर कुठल्या मजल्यावर आहे, तुझ्या खोलीपर्यंत केबल ओढू देतील का, आणि तो इन्व्हर्टरवर आहे का. त्यांचं उत्तर कळव, मग मॉडेल ठरवू.

तुझा,
मामा