माश्या मारत बसण्यापूर्वी

मामांना फोनवर सांगितलं, "हल्ली रात्री जेवणं झाली की मी माश्या बांधत बसतो." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "एवढा शिकून अमेरिकेत गेलास तो माश्या मारायला?"

देवगडच्या खाडीवर मला पहिल्यांदा गरवायला नेलं ते याच मामांनी. गरीला सोललेल्या कोळंबीचा तुकडा, वर शिशाचा गोळा, गरगर फिरवून सोडलेली नायलॉनची दोरी आणि तर्जनीवर तिचा ताण धरून बसायचं. काळुंदर लागायची, तांबोशी लागायची, नशीब फुटकं असेल तर काटा मारणारी शेंगटी. बारा-तेरा वर्षांचा होईतो आपल्याला मासा कळतो अशी माझी समजूत पक्की झाली होती. तीच समजूत सामानात भरून मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला नोकरीला आलो. घरापासून दहा मिनिटांवर स्प्रिंग क्रीक नावाचा ओढा, त्यात जंगली ब्राउन ट्राउट. पुढची दोन वर्षं आणि बरेच डॉलर त्या समजुतीपायी गेले. ओळखीतले चार-पाच जण यंदा याच वाटेला लागलेत, म्हणून हे लिहितोय.

खाडीत गरी लांब जाते ती शिशाच्या वजनाने, दोरी तिच्यामागून फरपटत जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं. इथली माशी म्हणजे बारक्या गरीवर दोऱ्याने बांधलेलं पीस, तिला वजन असं नसतंच. वजन असतं दोरीला. नवख्याच्या हातात बहुधा नऊ फुटी, पाच नंबरची काठी देतात. त्या नंबरच्या दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम. हे नऊ ग्रॅम आधी पाठीमागे हवेत सरळ उलगडू द्यायचे आणि मगच पुढे आणायचे. मागे दोरी उलगडेपर्यंत थांबता आलं की निम्मं काम झालं. माझा हात मामांच्या तालमीतला. जोर लावायचा आणि सोडून द्यायचं. दोरी मागे पसरायच्या आत मी ती पुढे खेचायचो, पाठीमागे आसूड ओढल्यासारखा फट्कन आवाज व्हायचा आणि माशी तुटून झाडीत जायची. ती तुटली हेही मला कळायचं नाही. एका रविवारी तर मी जवळजवळ दोन तास बिनमाशीची दोरी पाण्यावर टाकत होतो.

मासे लागत नाहीत, यावर मी काढलेलं निदान असं की माश्याच चुकीच्या आहेत.

आणि इथेच "स्वतः बांधल्या की स्वस्त पडतात" हे वाक्य कानावर आलं. ते सांगणाऱ्या भल्या माणसाच्या तळघरात पिसांची दोन कपाटं होती, याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. दुकानात एक माशी अडीच-तीन डॉलरला मिळते. पीस, दोरा आणि गरी धरून घरी तीस-चाळीस सेंटमध्ये होईल, असा हिशेब मी मांडला. हिशेबात वाइस नव्हता, म्हणजे गरी पकडून धरणारा चिमटा. बॉबिन, कात्र्या, दिवा, भिंग हेही नव्हतं. आणि कोंबड्याची मान तर नव्हतीच. माशीभोवती जे ताठ केसांचं कडं असतं, त्यासाठी कोंबडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवतात आणि त्यांच्या मानेची अख्खी पिसदार कातडी विकतात. एकीला साठ-सत्तर डॉलर मोजले. शेजारच्या खणात 'इंडियन नेक' अशी चिठ्ठी लावलेल्या आपल्याकडच्या कोंबड्यांच्या स्वस्त माना होत्या. माझ्या तेव्हाच्या गरजेला त्या चांगल्या पुरल्या असत्या, पण देशी माल म्हणून मीच नाक मुरडलं.

गऱ्या मागवताना मोठ्या हव्यात म्हणून 20 नंबरच्या मागवल्या. पाकिटातून जिऱ्याएवढ्या गऱ्या निघाल्या. नंबर जितका मोठा तितकी गरी लहान, हे आता मी झोपेतही सांगेन.

दीड वर्षानंतर पावत्या जमवल्या तेव्हा बेरीज 850 डॉलर झाली. पाण्यात टाकण्याजोग्या माश्या मोजल्या, त्या 140. म्हणजे दुकानात तीन डॉलरला मिळणारी माशी मला सहा डॉलरला पडली. बायकोने ही बेरीज पाहिली आणि ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

माशी बांधणं वाईट नाही, मी ते सोडलेलंही नाही. पण बचतीसाठी त्यात पडू नका. बोटांना काहीतरी करायला हवं असेल, आठ-दहा मिलिमीटरच्या गरीकडे अर्धा तास टक लावून बघण्याचं सुख वाटत असेल, तरच पडा. आणि पडलात तर एकच माशी धरा. मी फेझंट टेल धरली, तीही सतरा प्रकार करून फसल्यावर. विल्टशरमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याची ही माशी. त्याला लागायच्या दोनच गोष्टी, फेझंटच्या शेपटीच्या काड्या आणि तांब्याची बारीक तार. दोराही नाही, तारच दोऱ्याचं काम करते. अमेरिकेत तिच्या छातीला मोरपिसाची चमकदार काडी गुंडाळायची पद्धत पडली आणि बांधायला दोरा आला.

गरी वाइसमध्ये आडवी धरायची. शेपटीला तीन-चार काड्या, त्याच काड्या पुढे गुंडाळत आणायच्या म्हणजे पोट होतं, त्यावर उलट्या दिशेने तारेचे वेढे. मग मोरपीस, मग उरलेल्या काड्या पाठीवरून पुढे दुमडून पंखांचा कप्पा. शेवटी डोक्याशी दोऱ्याची गाठ. ऐकायला सोपं आहे. मी दर वेळी पुढपर्यंत पोट भरत न्यायचो आणि गाठीची वेळ आली की जागाच उरायची नाही. गाठ गरीच्या डोळ्यावर चढायची, डोळा बुजायचा. ओढ्यावर गुडघाभर गार पाण्यात उभं राहून, बधिर बोटांनी, त्या बुजलेल्या डोळ्यातून धागा ओवायचा प्रयत्न करून बघा, म्हणजे माझा तेव्हाचा शब्दसंग्रह कळेल.

आई त्या उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे होती. जन्मभर तिने अबोलीची वळेसारं गुंफली. एका रात्री शेजारी येऊन बसली, दोन माश्या वाया जाताना पाहिल्या आणि म्हणाली, "सुरवातीकच शेवटाची जागा ठेव." मी उठलो, ती बसली. डोळ्यामागे दोऱ्याचे चार वेढे घेऊन तिने खूण केली आणि ती खूण अखेरपर्यंत ओलांडली नाही. तिची माशी काही देखणी नव्हती, पोट वाकडं होतं, पण डोळा लख्ख मोकळा. ती एवढी खूण मी आजही घेतो. एकाच नंबरच्या गरीवर, 14 किंवा 16, तीच माशी डझनभर बांधा. सातवी-आठवी बरी होते. मग हवी तर वूली बगर घ्या. रसेल ब्लेसिंग या पेनसिल्व्हेनियाच्याच गृहस्थाने ती 1967 मध्ये बांधली. जाडजूड असल्याने तिच्यात चुका खपून जातात.

आता पिसांबद्दल, आणि हे भारतातून ये-जा करणाऱ्यांनी नीट वाचावं. मोरपीस लागतं म्हटल्यावर मी सुट्टीत गावाकडून पंचवीस-तीस पिसं बॅगेत घातली. आपल्याकडे ती देव्हाऱ्यामागे असतात, जत्रेत मिळतात, त्यात काही गैर असेल असं मनातही आलं नाही. विमानतळावर बॅग उघडायला लावली. गळून पडलेली मोरपिसं देशात बाळगायला चालतात, देशाबाहेर न्यायला बंदी आहे. पिसं गेली, लेखी जबाब द्यावा लागला, आणि रांगेतल्या लोकांनी मला तस्कर समजून जे पाहिलं ते वेगळंच. अमेरिकेच्या दुकानात मोरपिसाच्या काड्यांची पुडी चार डॉलरला मिळते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आपला सह्याद्रीतला राखी रानकोंबडा तुम्ही पहाटे ऐकला असेल. त्याच्या मानेच्या पिसांवर मेण सांडल्यासारखे पिवळट ठिपके असतात. सामन माशाच्या जुन्या इंग्रजी माश्यांना डोळे म्हणून ही पिसं लावत आणि अजूनही हौशी लोक त्यासाठी वेडे होतात. मी कोकणातला म्हटल्यावर इथल्या एकाने सहज विचारलं, "पुढच्या वेळी एखादी मान आणता येईल का?" 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या पक्ष्याला संरक्षण आहे. "नाही" एवढंच उत्तर द्या, हसून वेळ मारून नेऊ नका. या वेडाची मजल कुठवर जाते, तर 2009 साली एडविन रिस्ट नावाच्या बासरी शिकणाऱ्या अमेरिकन तरुणाने इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरली, माश्यांच्या पिसांसाठी. त्यांतले काही पक्षी आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले होते. इथे अमेरिकेतही काठावर पडलेलं बगळ्याचं किंवा ब्लू जेचं पीस उचलून खिशात घालू नका. 1918 च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्यात ते बसत नाही, सापडलेलं असलं तरी.

गरीचा काटा, म्हणजे टोकाशी असलेली ती उलटी खाच, बांधायच्या आधीच पक्कडीने दाबून टाका. मी दाबली नव्हती. एप्रिलातल्या वाऱ्यात मागून आलेली गरी कानाच्या पाळीत रुतली आणि ती पाळी घेऊन मला तातडीच्या दवाखान्यात दोन तास बसावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी गरी काढून हातात दिली आणि विचारलं, ही तुम्ही बांधली का. हो म्हणालो. "डोळा बुजलाय," त्या म्हणाल्या. त्याही फिशिंगवाल्या निघाल्या. ही गंमत कानाची होती म्हणून सांगता येते. चष्मा आणि टोपीशिवाय काठी उचलू नका, आणि गरी डोळ्याच्या आसपास लागली तर तिला हात न लावता थेट डॉक्टरकडे जा.

पैसे कुठे घालायचे म्हणाल तर आधी शिकवणीत. आमच्या गावच्या विद्यापीठात जॉर्ज हार्वी यांनी 1947 पासून हा विषय श्रेयांकासह शिकवला, म्हणजे पदवीच्या गुणांत धरला जाई. ज्या गावात मुलांना माशीने मासे धरायला वर्गात बसवतात, त्या गावात राहून मी दोन वर्षं शिकवणी लावली नाही. लावली ती एका शनिवारच्या सकाळची. शिकवणाऱ्या बाईंनी तासभर गवतावर उभं केलं, माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा, आणि मागे दोरी उलगडताना मान वळवून बघायला लावलं. मग ओढ्यावर नेऊन काठी खाली ठेवायला सांगितली आणि एक दगड उलटा करून हातात दिला. त्याच्या ओल्या पोटाला तपकिरी, चपटे, शेपटीचे दोन-तीन तंतू हलवणारे किडे चिकटलेले. माझी डबी उघडून त्यांच्या शेजारी धरली. लाल, जांभळ्या, चंदेरी झिरमिळ्यांच्या पन्नास-साठ माश्या. तपकिरी तीन.

त्या दिवशी वीस फुटांवर, एका तपकिरी फेझंट टेलने, मला पहिला ट्राउट लागला. स्प्रिंग क्रीकचा मासा घरी नेता येत नाही. रासायनिक प्रदूषणामुळे 1982 पासून इथे पकडलेला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो. ओल्या हाताने धरायचा, पाण्याबाहेर फार वेळ ठेवायचा नाही. आईला फोटो पाठवला तर तिचा फोन. "मासो गावलो नि सोडून दिलंस? मगे धरलंस कशाक?" याचं पटेल असं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

खिशात दहा डॉलरचा तापमापक ठेवा. पाणी 68 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की घरी जा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला ट्राउट सोडला तरी मरतो. दुसऱ्या ओढ्यावर जायच्या आधी बूट घासून पूर्ण वाळवा. 2013 मध्ये या ओढ्यात न्यूझीलंडच्या बारीक चिखलगोगलगायी सापडल्या, आणि त्या बुटांवरून गावोगाव जातात. बूट रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवले तरी त्या मरतात म्हणे, पण आमच्या फ्रीझरमध्ये खोवलेलं खोबरं असतं, त्यामुळे मी घासतो आणि वाळवतो.

जांभळ्या पिसांची चार न फोडलेली पाकिटं, 20 नंबरच्या 83 गऱ्या आणि एक जादा वाइस माझ्याकडे पडून आहे. स्टेट कॉलेजच्या बाजूला कुणी येणार असेल तर घेऊन जा. जांभळी पिसं घेतल्याशिवाय वाइस मिळणार नाही.