धागा का पकडला जात नाही?

सोलापूरचा गणवेश-उद्योग वाढला, तशी खिशावर शाळेचे बोधचिन्ह भरणारी संगणकीय एम्ब्रॉयडरी यंत्रे शहरात रुळली. त्यांवर काम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी, की वरचा धागा बॉबिनच्या धाग्यात गुंतत नाही आणि टाकाच पडत नाही.

सुई तळाशी जाऊन सुमारे २ मिलिमीटर वर उचलली, की तिच्या मागे धाग्याचा लहानसा फास तयार होतो. त्याच क्षणी फिरत्या हुकाचे टोक तो फास उचलते. सुई वाकलेली, अपुरी बसवलेली अथवा तिची खाच हुकाच्या बाजूस नसलेली असेल, तर फास निसटतो. म्हणून यंत्र बंद करून प्रथम सुई बदलावी, धागा पुन्हा ओवावा, हुकात अडकलेले तुकडे व तंतूंची धूळ काढावी. एवढ्याने भागले नाही तरच हुकाचे टायमिंग तपासावे. पुष्कळ जण आधी त्याचेच स्क्रू सैल करतात. हा उतावीळपणा महागात पडतो.

धागा पकडण्याला आपल्या इतिहासात एक कटू संदर्भ आहे. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे. विटाळाच्या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. मुलामुलींना एम्ब्रॉयडरीच्या कामावर पाठवताना हूक खोलणे व जुळवणेही शिकवणार का, हे पालकांनी मालकास आधीच विचारून घ्यावे.