‘लेझर’ हा शब्द शिकवताना

मी मुंबईतल्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवते. वर्गात कुरिअरवाली मुलं आहेत, गॅरेजमध्ये, दुकानात राबणारी आहेत, चार घरची धुणीभांडी आटोपून येणाऱ्या बायकाही आहेत. ‘लेझर’ (leisure) हा शब्द कधी धड्यात येतो, कधी एखाद्या जाहिरातीत. तो शिकवता शिकवता जे हाती लागलं ते सांगते.

१. सुरुवात उच्चारापासून करावी. ब्रिटिश पद्धतीत लेझर, अमेरिकन पद्धतीत लीझर. दोन्ही बरोबर, एक निवडावा आणि तोच धरून ठेवावा. मधला आवाज आपल्या ‘झ’मध्ये नेमका बसत नाही, म्हणून मी प्लेझर, मेझर, ट्रेझर आणि लेझर हे चार शब्द एकत्रच म्हणून घेते. मुलांना आधी आठवतात ते गणपतीच्या मिरवणुकीतले लेझर दिवे. leisure आणि laser ही दोन्ही स्पेलिंगं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की तो गोंधळ मिटतो.

२. ‘रिकामा वेळ’ एवढाच अर्थ देऊन थांबू नये. गोदामात काम करणाऱ्या एका मुलानं विचारलं, “मालाची गाडी येईपर्यंत आम्ही नुसते बसून असतो, ते लेझर का?” प्रश्न फार चांगला होता. तो वेळ रिकामा खरा, पण मालकाचा. गाडी आली की उठायचं, तोवर हलायचं नाही. म्हणून ते लेझर नव्हे. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ एका लॅटिन क्रियापदात आहे. त्या क्रियापदाचा अर्थ ‘मुभा असणं’ असा होतो. लायसन्स हा शब्दही त्याच मुळाचा. ज्या वेळात काय करायचं हे ठरवायची मुभा आपल्याला असते, ते लेझर. असं सांगितलं की वर्गाला ते लगेच पटतं, कारण मुभा म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. मराठीत ‘सवड’ त्याच्या सर्वांत जवळ जाते. ‘उसंत’ म्हणजे दोन कामांच्या मधला श्वास, आणि ‘विरंगुळा’ म्हणजे त्या सवडीत मन रमवायला जे करतो ते.

३. व्याकरण थोडंच आहे. हा शब्द मोजता येत नाही, म्हणून त्याच्या आधी ‘अ’ लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही. ‘लेझर्ली’ हे क्रियाविशेषण वाटतं, पण बहुतेक वेळा विशेषण म्हणूनच येतं: ‘अ लेझर्ली वॉक’, म्हणजे रमतगमत मारलेला फेरफटका.

४. ‘अ‍ॅट युअर लेझर’ जपून वापरावं. त्याचा अर्थ ‘तुमच्या सवडीनं, घाई नाही’. मासिक वाचायला देताना ते शोभतं. थकलेला पगार मागणाऱ्या अर्जात मात्र ते कधीही लिहू नये. आपणच मालकाला मुदत वाढवून दिल्यासारखं होतं. तिथे ‘अ‍ॅट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनिअन्स’ लिहावं. दिसायला ते तितकंच नम्र असतं, पण ‘शक्य तितक्या लवकर’ असं बजावतं. आमच्या मुलांना हा फरक परीक्षेत विचारला जाणार नाही, पण कामावर रोज लागेल, म्हणून मी त्याला पूर्ण तास देते.

५. या शब्दाला इतिहास आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. जाहिरातींत ‘लेझर’ भेटतो तो हॉटेल आणि सहलींच्या चित्रांखाली, त्यामुळे तो पैसेवाल्यांचा शब्द वाटू लागतो. पण सवड कामगारांनीही मागून मिळवली आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन ती मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, गांधीवादाचा समाचार घेताना, नेमका हाच शब्द वापरला आहे. माणसाचं सगळं आयुष्य पोट भरण्याच्या कष्टातच गेलं तर त्याच्या मनाची वाढ कधी होणार? म्हणून यंत्रं हवीत, कारण यंत्रांमुळे सवड मिळते आणि सवडीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला तो पूर्णपणे पटतो.

संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्येही हा शब्द आहे. शेतातला असो, कारखान्यातला असो वा आणखी कुठला, प्रत्येक कामगाराला पोटापुरती नव्हे, नीट जगता येईल इतकी मजुरी मिळावी आणि लेझरचा पूर्ण उपभोग घेता यावा, यासाठी राज्यानं झटावं असं तिथे म्हटलं आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही, हेही मी मुलांना सांगते. तरी ते इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहिलं की वर्ग ते पुन्हा पुन्हा वाचतो. एकीनं विचारलं, “बाई, घरकामवाल्यापण यात येतात का?” येतात. त्या वाक्यात कुणालाच वगळलेलं नाही.

६. झोप वेगळी, लेझर वेगळं. सुट्टीत काय करता असं विचारलं की निम्मा वर्ग “झोपतो” म्हणतो. ती विश्रांती झाली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या कलम २४ मध्ये विश्रांती आणि लेझर हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत, कारण एकानं दुसऱ्याची भरपाई होत नाही. अंग मोडून झोपलेल्या माणसाला गाणं ऐकायला, मुलाशी खेळायला वेळ मिळाला असं कोण म्हणेल?

७. ‘माय हॉबी’वर निबंध मागण्याऐवजी ‘लेझर’ घालून एक खरं वाक्य मागावं. बायकांच्या वहीत बहुधा एकच वाक्य येतं: ‘आय हॅव नो लेझर ऑन संडे.’ रविवारी कामाच्या घरी पाहुणे असतात आणि स्वतःच्या घरी आठवड्याचं साठलेलं असतं. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं बिनचूक आहे, त्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

दुरुस्ती तुम्ही करू शकता. तुमच्याकडे कुणी कामाला येत असेल, तर आठवड्यातला एक दिवस त्यांना पगार न कापता सुट्टी द्या, तो वार आधीच ठरवा, आणि त्या दिवशी फोन करू नका.