घरातील धूळ आणि रांगते मूल

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. आज तेथे प्रत्येकी २५० मेगावॉट क्षमतेचे तीन संच आहेत. आपल्याकडील दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे शंभर टन कोळसा जळाला की तीस टनांहून अधिक राख मागे उरते. सिमेंट व विटा तयार करण्यासाठी ही राख उपयोगी पडते, हे खरे. परंतु तळ्यात साठविलेली राख वाळून वारा सुटला, अथवा तिची वाहतूक उघड्या वाहनांतून झाली, की तिचा काही अंश आसपासच्या घरांत येऊन पोहोचतो. सकाळी पुसलेल्या फडताळावर सायंकाळी बोटाने रेघ ओढता येते, हे तेथील गृहिणीला निराळे सांगावयास नको.

या राखेचा बहुतांश भाग सिलिका व ॲल्युमिना यांचा असतो. शिसे, आर्सेनिक, क्रोमियम, कॅडमियम हे जड धातू तिच्यात अत्यल्प असतात; मात्र कण जितका सूक्ष्म, तितके त्यावर त्यांचे प्रमाण अधिक. आणि घरातील धूळ काही केवळ राखेची नसते. जुन्या तैलरंगाचे पोपडे तिच्यात मिसळतात; त्यांतही पिवळ्या, नारिंगी व हिरव्या रंगांत शिशाची संयुगे वापरली जात. घरगुती रंगातील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगविलेली दारे-खिडक्या अर्थातच आजही घरोघर आहेत. कुंकू हळदीपासून होते, पण पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. देवाचा शेंदूर देवापाशीच असावा, मुलाच्या हाती लागू नये. घराच्या ओसरीवर जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम चालत असेल, तर त्याइतके घातक दुसरे काही नाही.

प्रौढ मनुष्य या धुळीवरून चालतो. मूल तिच्यावर रांगते. हात तोंडात, खेळणे तोंडात, असा त्याचा दिवस जातो. शिवाय पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या शरीरात जेवढे शोषले जाते, त्याच्या चार ते पाच पट मुलाच्या शरीरात शोषले जाऊ शकते. शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. घडत असलेल्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो तो मात्र कोणतेही ठळक लक्षण न दिसता. मूल चिडचिडे होते, पोट दुखते, शौचास साफ होत नाही. पुढे शाळेत लक्ष लागत नाही. यावरून शिशाचा संशय कोणास यावा?

१९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांपर्यंतच्या बालकांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बालकांत शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम आढळले. त्या काळी शिसेयुक्त पेट्रोल वापरात होते. २००० साली ते देशभर बंद झाले. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. प्रमाण ५ वा अधिक असल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा, असे तिने २०२१ साली सांगितले आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब निराळी आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. शरीरात लोह कमी पडले की आतडी शिसे अधिक शोषून घेतात. आणि लोह कमी असलेली मुलेच पुष्कळदा माती खातात, भिंतीचे पोपडे चाटतात. 'माती खातो' म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घालण्यात येतो. वास्तविक त्यास अंगणवाडीत नेणे अगत्याचे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकास लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी १ मिलिलिटर द्यावयाचे असते. जंताचे औषध, बाजरी, हिरव्या भाज्या, तीळ, हरभरा, सोबत लिंबाची फोड, हे सर्व येथे साध्य आहे. शिसे एकदा मेंदूपर्यंत पोहोचले की औषधाने झालेली हानी भरून निघत नाही, म्हणून आधीची काळजी हीच खरी.

कोरड्या झाडूने धूळ उडते व पुन्हा खाली बसते. ओल्या फडक्याने पुसावे हे उत्तम. परंतु जेथे २०१३ साली पाण्याअभावी वीज केंद्रच बंद ठेवावे लागले, तेथे हा सल्ला देताना संकोच वाटतो. त्यास बादलीभर पाणीही लागत नाही. भाजी धुतलेले पाणी चालते. मातीची जमीन शेणाने सारवलेली असेल तर ताज्या सारवणाने धूळ बसते, पोपडे सुटू लागले की मात्र ती वाढते. जुना रंग खरवडण्यापूर्वी भिजवून घ्यावा. वीटभट्टीवर वा राखेच्या वाहनावर काम करणाऱ्याने हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच मुलास उचलावे. ते कपडे मुलाच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. खाण्यापूर्वी मुलाचे हात धुवावे. झाडलेला केर अंगणात टाकू नये. मूल तेथेच खेळावयास जाते.